म्हणे चाळीला वास्तुकला नसते!

मुंबईच्या वास्तुवैभवाचे कौतुक करणाऱ्या सुशिक्षित मनुष्याची वाट ठरलेली असते. बोरीबंदरच्या घुमटाखाली तो मान वर करून उभा राहतो, राजाबाई मनोऱ्यापाशी घटकाभर रेंगाळतो, ओव्हल मैदान ओलांडून मरीन ड्राइव्हच्या गोलाईवर येतो, आणि समुद्राचा वारा लागताच त्याची रसिकता तृप्त होऊन तेथेच विसावते. तेथून रेल्वेचे रूळ ओलांडून थोडे पूर्वेला चालले तर ठाकूरद्वारचा नाका लागतो. पण तेथे त्याला दिसते ती जुनी वस्ती, दाटी, आणि फार झाले तर 'मराठी वातावरण'. वास्तू दिसत नाही. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला, एकूण ९४ इमारतींना, जागतिक वारशाचा मान दिला, तेव्हा या ठरलेल्या वाटेवर जणू शिक्कामोर्तबच झाले. त्या मानाबद्दल माझी तक्रार नाही; त्या इमारती त्या मानाला पात्रच आहेत. तक्रार आहे ती त्या वाटेच्या पलीकडे पाहण्याजोगे काही नाही, अशी जी सर्वांनी मनोमन खूणगाठ बांधून ठेवली आहे, तिच्याबद्दल.

या खूणगाठीमागचे मत आता इतके सर्वमान्य झाले आहे की ते कोणी मांडत नाही, गृहीतच धरतो. ते असे: चाळ ही वास्तुकलेची निर्मिती नव्हेच. गिरणी, गोदी आणि कचेरी यांना माणसे हवी होती, माणसांना रात्री पाठ टेकायला जागा हवी होती आणि सावकारांना भाड्याचे उत्पन्न हवे होते. या तीन गरजांच्या बेरजेतून विटा-लाकडाचे जे खोके उभे राहिले ते म्हणजे चाळ. कोणा स्थापत्यविशारदाने तिचा आराखडा काढला नाही, कोणत्या शैलीचा तिच्यावर संस्कार नाही, तिच्यात सौंदर्य नाही, उजेड नाही, आणि शौचकूप सामाईक. तिच्यात जे चांगले होते ते सर्व माणसांचे होते: आपुलकी, शेजारधर्म, गणेशोत्सव, फराळाच्या ताटांची देवघेव. माणसे चांगली, इमारत वाईट. तेव्हा इमारत पाडा, माणसांना टॉवरमध्ये न्या, चांगुलपणा त्यांच्या सामानसुमानाबरोबर लिफ्टमधून आपोआप वर जाईल. हे मत बिल्डरच्या माहितीपत्रकात आढळले तर नवल नाही. तो त्याचा धंदा आहे. नवल याचे वाटते की चाळीच्या नुसत्या नावाने ज्यांचा कंठ दाटून येतो, 'आमच्या वेळची चाळ' या विषयावर जे तासभर बोलू शकतात, त्यांचेही मत नेमके हेच असते. एक चाळीला तुच्छ लेखतो, दुसरा तिच्यासाठी उसासे टाकतो. परंतु वास्तू म्हणून ती शून्य आहे, या एका कलमावर दोघांचीही बिनतक्रार सही असते.

प्रथम त्या स्थापत्यविशारदाचा प्रश्न घेऊ, कारण तो सर्वांत विद्वत्तेचा आव आणून विचारला जातो. ज्या इमारतीवर कोणा नामांकित वास्तुविशारदाची सही नाही ती वास्तुकला नव्हे, हा नियम खरा मानला तर लंडन आणि डब्लिन या शहरांतील ज्या जॉर्जियन विटांच्या घरांच्या रांगा पाहण्यासाठी आपले हेच रसिक विमानाचे भाडे भरून जातात, त्यांतील बहुसंख्य घरे वास्तुकलेच्या यादीतून खोडावी लागतील. ती घरे कोणी बांधली? जमिनीचा मालक सरदार मुदतीच्या पट्ट्याने जमीन देई. गवंडी, सुतार, विटांचा मक्तेदार असे लोक स्वतःची पुंजी आणि कर्ज घालून त्यावर घरे उठवीत. घर पुरते तयार होण्याआधीच ते विकून वा भाड्याने देऊन मोकळे होत. दाराची चौकट कशी असावी, जिन्याचा कठडा कसा असावा, हे ते छापील नमुन्यांच्या पुस्तकांतून उचलीत. १७७४ च्या लंडनच्या इमारत-कायद्याने घरांच्या चार प्रती ठरवून दिल्या, भिंतींची जाडी बांधून दिली, आगीच्या भयाने दर्शनी भागावरचे लाकूडकाम जवळजवळ हद्दपार केले. आणि आज ज्या शांत, एकसारख्या, संयमी दर्शनी भागाची वाखाणणी ग्रंथांतून होते, तो संयम पुष्कळसा या कायद्याच्या धाकाने आणि पैशाच्या काटकसरीने आलेला आहे. नफ्यासाठी बांधलेली, एका साच्यातली, ओळीने उभी केलेली, भाड्याने द्यायची घरे! चाळीवरच्या आरोपपत्रातील एकही कलम या घरांना चुकत नाही. मग तेथे जी 'लयबद्ध पुनरावृत्ती' असते ती ठाकूरद्वारला येताच 'खोक्यांची रांग' कशी होते?

त्या घरांनाही एके काळी हेच ऐकावे लागले होते, हे सांगितले म्हणजे हा विनोद पूर्ण होतो. व्हिक्टोरियन इंग्रजाला आपल्या आजोबांची ही घरे कमालीची नीरस वाटत. डिकन्सने 'लिटल डॉरिट' या कादंबरीत हार्ले स्ट्रीटच्या एका छापाच्या घरांची आणि त्याच छापाच्या माणसांची यथेच्छ टर उडवलेली आहे. १९३६ मध्ये लंडनमधील अडेल्फीची प्रख्यात रांग पाडली गेली, तेव्हा कोठे काही मंडळी जागी झाली आणि पुढल्याच वर्षी जॉर्जियन ग्रूप ही संस्था निघाली. डब्लिनला त्याहूनही उशिरा शहाणपण आले. १९६५ मध्ये तेथील विद्युत मंडळाने स्वतःच्या कचेरीसाठी फिट्झविल्यम स्ट्रीटवरची सोळा जॉर्जियन घरे एका ओळीने जमीनदोस्त केली आणि सलग जॉर्जियन रस्त्याला जे भगदाड पडले त्याबद्दल तेथील लोक आजही हळहळतात. विद्युत मंडळाचा युक्तिवादही आपल्या परिचयाचाच होता: घरे जुनी आहेत, डागडुजी परवडत नाही, नव्या काळाला नवी इमारत पाहिजे.

आता ठाकूरद्वारला येऊ. येथली चाळ कशी घडली हे समजायला येथल्या जमिनीचा आकार ध्यानात घ्यावा लागतो. गिरगाव हा मुळात नारळी-फणसांच्या बागांचा मुलूख. या बागा रस्त्यापासून आत लांबच लांब गेलेल्या, रस्त्याला मात्र अरुंद तोंड देणाऱ्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापसाच्या पैशाने आणि गिरण्यांच्या भरभराटीने शहर फुगू लागले, तेव्हा या बागांची झाडे गेली. पण बागांच्या हद्दी गेल्या नाहीत. झावबावाडी, फणसवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी या साऱ्या वाड्यांत आजही तोच आकार आहे: रस्त्यावरून एक बोळ आत शिरतो, त्याच्या तोंडाशी दुकाने असतात, आत गेले की तो रुंदावून आवार होते, आवाराच्या दोन्ही बाजूंना चाळी उभ्या राहतात, कोठे देऊळ, कोठे विहीर. रस्त्याचा गोंगाट त्या तोंडाशीच अडतो. जगन्नाथ शंकरशेठ मार्गावरच्या गाड्यांच्या कर्ण्यांतून वाडीत वीस पावले आत गेलेल्या मनुष्याला कोणाच्या घरची कुकरची शिट्टी ऐकू येते, हा चमत्कार आपोआप घडलेला नाही. रस्ता, बोळ, आवार, जिना, गॅलरी, उंबरठा आणि मग खोली: परक्या मनुष्याला एकेका पायरीने आप्त करून घेणारी ही सात टप्प्यांची योजना आजच्या नगररचनाकाराने परिसंवादात मांडली तर टाळ्या पडतील. ज्या मिस्त्रीने ती प्रत्यक्षात उतरवली त्याला आपण खोकी बांधणारा म्हणतो.

आणि ती गॅलरी! चाळीला वास्तुकला नाही असे म्हणणाऱ्या मनुष्याने गॅलरी कधी डोळे उघडून पाहिली आहे, असे मला वाटत नाही. तो तिच्यातून फक्त चालत गेला असावा. जुन्या, न डागळलेल्या चाळीची गॅलरी पाहावी. सागवानी खांब ठरावीक अंतरावर उभे. खांबाच्या माथ्यावर, तुळईला आधार देणारे, दोन्ही बाजूंना पसरलेले कोरीव लाकडी घोडे. खांबाखांबांमध्ये लाकडी वा बिडाचा नक्षीदार कठडा. फरशीला बाहेरच्या बाजूला अगदी जाणवेल न जाणवेल इतका उतार दिलेला असतो, म्हणजे आषाढातला तिरपा पाऊस आत आला तरी उंबरठ्यापर्यंत न पोचता कठड्याखालून निघून जातो. कठड्याचा वरचा पट्टा सपाट आणि चांगला चार बोटे रुंद, कारण त्यावर कोपर टेकून माणसाने उभे राहायचे आहे. वर मंगलोरी कौलांचे पाखे पुढे आलेले, म्हणून एप्रिलचे ऊन भिंतीवर पडतच नाही. ते गॅलरीत मुरते. खोलीच्या दाराला दोन फळ्या, दारावर आडवी झडप, समोर मागच्या अंगाला खिडकी. दार लोटून घेतले तरी वरच्या झडपेतून वारा आरपार जातो. लंडनच्या घराच्या दारावर अर्धवर्तुळाकार काचेचा झरोका असतो, त्याच्या वर्णनाला तेथील लेखक पाने खर्ची घालतात. त्याच जागी, उजेडाबरोबर वाराही देणारी ही झडप आमच्या सुताराने बसवली. तिचा उल्लेख कोणत्या पुस्तकात आहे?

मुंबईच्या हवेत माणसाला काय हवे असते? सावली, वारा आणि पावसापासून आडोसा. या तिन्ही गोष्टी यंत्राशिवाय, विजेशिवाय, एका चार-साडेचार फुटी लाकडी पट्ट्यात साधणे, आणि तोच पट्टा जाण्यायेण्याचा मार्ग म्हणूनही वापरणे, हे जर वास्तुकलेचे काम नव्हे, तर वास्तुकलेचे काम कोणते? मरीन ड्राइव्हच्या इमारतींच्या खिडक्यांवरील सिमेंटच्या भुवया पाहून आपण हवामानाचे भान म्हणून माना डोलावतो. भान तेथे आहेच. पण ते तेथे पहिल्यांदा आले असे समजणे म्हणजे अर्ध्या मैलावरची गोष्ट न पाहण्याचा निर्धार करणे होय.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, उसासे टाकणाऱ्यांकडे. आणि खरे सांगायचे तर माझा राग यांच्यावर अधिक आहे. चाळीची आपुलकी ही माणसांची होती, म्हणतात. मान्य करू. मग ही आपुलकी गिरगावकरांच्या रक्तात होती काय? तशी ती रक्तात असती तर तीच कुटुंबे, तेच आडनाव, तोच देव्हारा घेऊन त्याच जागेवरच्या तेविसाव्या मजल्यावर राहायला गेल्यावर, दोन वर्षांत शेजारच्या दारामागे कोण राहते याची चौकशी रखवालदाराकडे का करावी लागते? लिफ्टच्या त्या अर्ध्या मिनिटाच्या प्रवासात स्वभाव पालटतो, असे काही वैद्यकीय संशोधन झाले आहे काय? माणसे तीच आहेत. पालटली आहे ती इमारत. गॅलरी गेली आणि तिच्या जागी नळीदिव्याच्या उजेडातली, खिडकी नसलेली, अग्निरोधक दारे आपोआप मिटणारी लॉबी आली, जिच्यात उभे राहण्याचे कोणालाच काही कारण नाही.

गॅलरी ही नुसती वाट नव्हती. तिच्यात उभे राहण्याला कारण होते आणि उभे राहण्याबद्दल कोणाला जाब द्यावा लागत नव्हता, यातच तिचे सारे कौशल्य आहे. ती पूर्णपणे घरची नाही आणि पूर्णपणे परकीही नाही. तेथे सकाळी दाढी करणारा मनुष्य, तांदूळ निवडणारी बाई, दहावीचे पुस्तक घेऊन येरझारा घालणारा मुलगा आणि खाटेवर ऊन घेणारा आजारी म्हातारा हे सगळे एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात असत, तरी एकमेकांच्या अंगावर नसत. मूल आवारात खेळत असे आणि त्याच्यावर तीन मजल्यांवरून लक्ष असे. त्यासाठी ना दाई लागे ना कॅमेरा. कोणाच्या घरी चार दिवस दार उघडले नाही तर ती गोष्ट कळण्यासाठी चौकशी समिती नेमावी लागत नसे. याला तुम्ही चाळकऱ्यांचा चौकसपणा म्हणा वा आपुलकी म्हणा. दोहोंची सोय गॅलरीने केली होती. कोणी म्हणेल, खासगीपणाचे काय? खासगीपणा कमी होता, हे निर्विवाद. पण दार लावून घेता येत होते. आजच्या लॉबीत दार उघडे ठेवता येत नाही, याला स्वातंत्र्य म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

१८९३ मध्ये केशवजी नाईक यांच्या चाळीत मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, हे प्रत्येक शाळकरी पोर सांगते. तो चाळीतच का रुजला हे मात्र कोणी विचारीत नाही. समोरासमोरच्या चाळींच्या मधले आवार म्हणजे आयते सभागृह; मंडपासाठी जागा शोधायला नको, बायकांसाठी वेगळी बैठक मांडायला नको, कारण तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या सज्जांसारख्या त्याच्यावर झुकलेल्याच होत्या. ज्या घरातील सून त्या काळी सभेला गेली नसती ती आपल्याच दारात उभी राहून कीर्तन, मेळे आणि व्याख्यान ऐकू शकत होती. शांतारामाच्या चाळीच्या आवारात होमरूलच्या दिवसांत टिळकांच्या आणि जिनांच्या सभा झाल्या. त्या तेथे झाल्या त्या केवळ देशभक्तीच्या जोरावर नव्हेत, तर तेथे हजारो माणसांना वक्ता दिसत होता आणि ऐकू येत होता म्हणूनही. राजकारणाचा इतिहास लिहिणारा वक्त्यांची नावे लिहितो. श्रोते कशावर उभे होते, ते लिहीत नाही.

या बाबतीत मराठी साहित्यही निर्दोष नाही. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि तिने चाळीतील माणसांना अमर केले. त्या थोर विनोदकाराचे ते काम नव्हते म्हणून तो दोष त्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण त्यानंतरच्या दोन पिढ्यांनी चाळ म्हणजे नमुनेदार माणसांचे संग्रहालय एवढाच तिचा अर्थ धरला. वाड्याच्या चौकाचे, लेण्याच्या खांबाचे, देवळाच्या शिखराचे माप मराठीत सापडते. चाळीच्या गॅलरीचे माप विचारले तर आपण विनोदी किस्सा सांगतो.

इमारतीचा काहीच वाटा नव्हता असे ज्यांना अजून वाटत असेल त्यांच्यासाठी सरकारनेच एक प्रयोग करून ठेवला आहे. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या अमदानीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. येथे मिस्त्रीचा अडाणीपणा नव्हता. सरकारी इंजिनियर होते, सिमेंट-काँक्रीट होते, आराखडे होते. त्यांनी काय केले? खर्च वाचवण्यासाठी गॅलरी काढून टाकली. मधोमध अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. परिणाम असा की कामगार तेथे राहायला येईनात, कित्येक इमारती ओस पडल्या, आणि सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळी सरकारने तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या. फारसा फेरफार न करता जिचा तुरुंग करता येतो अशी ती इमारत होती! पुढे बीडीडीतही माणसांनी जीव ओतला, उत्सव आणि चळवळी वाढवल्या, हा त्यांचा पराक्रम. पण तो त्यांनी इमारतीशी झगडून केला. गिरगावात तो इमारतीच्या साहाय्याने झाला. या दोन्ही वास्तूंना 'चाळ' या एकाच गोणीत कोंबून एकीच्या अंधाराबद्दल दुसरीला शिक्षा देणारे टीकाकार वास्तुकलेविषयी बोलायला किती लायक आहेत, हे वाचकांनी ठरवावे.

राहिली घाण, अंधार आणि मोडकळीची गोष्ट. सामाईक शौचकूप ही गैरसोय होती, स्त्रियांना आणि वृद्धांना ती अपमानास्पद होती, आणि तिची भलामण मी करणार नाही. परंतु शौचकूप ही नळाची आणि मोरीची समस्या आहे. पुष्कळ चाळकऱ्यांनी मागची मोरी फोडून ती आपापल्या खोलीपुरती सोडवलीही आहे. त्यासाठी गॅलरी पाडावी लागली नाही. डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवर, उमरावांसाठी बांधलेल्या जॉर्जियन घरांत, १९११ च्या शिरगणतीच्या वेळी पंधरा घरांत ८३५ माणसे कोंबलेली होती. त्या हालांचा दोष कोणी त्या घरांच्या विटांना दिला नाही. त्यांतील १४ क्रमांकाच्या घराचे २०१८ मध्ये संग्रहालय झाले आणि तेथे सरदारांची दालने आणि गरिबांची बिऱ्हाडे दोन्ही दाखवतात.

आमच्याकडे मोडकळ कोठून आली? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली आणि १९९९ चा कायदा येईपर्यंत ती जवळजवळ तशीच राहिली. युद्धाच्या आणि फाळणीच्या काळात भाडेकरूला संरक्षण देणे न्यायाचे होते. पण ज्या भाड्यात एका खांबाला रंगही लागणार नाही ते भाडे पन्नास वर्षे तसेच ठेवायचे, घरमालकाने हात वर केले की १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ काढून १९ हजारांहून अधिक इमारतींवर उपकर बसवायचा, त्या दुरुस्तीत सागवानी तुळईच्या जागी लोखंडी गर्डर ठोकायचा, तोही समुद्राच्या हवेत गंजला की इमारतीवर 'धोकादायक' अशी पाटी लावायची, आणि शेवटी म्हणायचे की पाहा, चाळ ही मुळातच वाईट होती! म्हाताऱ्याला पन्नास वर्षे उपाशी ठेवून त्याच्या प्रकृतीवरून त्याच्या खानदानाची परीक्षा करण्याचा हा प्रकार आहे.

इमारती कोसळतात आणि माणसे मरतात, हे मला ठाऊक आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारजवळची हुसैनी इमारत पडून ३३ जण गेले. २०१९ च्या जुलैत डोंगरीची केसरबाई इमारत पडली. जेथे खांब सडला आहे तेथे माणसे आधी बाहेर काढावीत, यावर वाद नाही. पण मोडकळीस आलेली प्रत्येक चाळ पाडणे अपरिहार्य आहे असे घटकाभर मानले, तरी तिच्या जागी जे बांधायचे त्यात तिची गॅलरी, तिचे आवार आणि तिची झडप नसावी, हे कोणत्या तर्काने सिद्ध होते? मला या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. चाळीला वास्तुकला नाही, हे मत इतके सोयीचे का आहे ते येथे कळते: जिच्यात घेण्यासारखे काही नव्हते तिच्यातून नव्या इमारतीत न्यायचेही काही राहत नाही. मग नकाशा काढणाऱ्याचे काम सोपे होते; तीनशे चौरस फुटांचे चौकोन मोजायचे, बाकीचे चटईक्षेत्र विक्रीच्या मनोऱ्याला द्यायचे.

उजेडाची गंमत तर औरच. प्लेगनंतर १८९८ मध्ये निघालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने जुन्या वस्त्यांना अंधाऱ्या ठरवून पाडले, तेव्हा निदान त्याने उजेडासाठी एक माप तरी ठरवले: दोन इमारतींमधली मोकळी जागा अशी हवी की साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनातून आकाशाचा प्रकाश खालच्या खिडकीपर्यंत यावा. आज त्याच वस्त्यांच्या जागी पुनर्वसनाची इमारत उठते तेव्हा मोकळ्या जागेतली तूट अधिमूल्य भरून माफ करून घेता येते, आणि खालच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना दुपारी बाराला दिवा लावून जेवावे लागते. चाळ अंधारी होती म्हणून पाडली, असे हेच लोक सांगतात. मुलांना खेळायला मोकळी जागा ठेवली आहे, असेही सांगतात. ती मोटारगाड्यांच्या सात मजल्यांवरच्या गच्चीत असते.

'तुम्ही स्वतः ब्लॉकमध्ये राहून दुसऱ्यांना चाळीत राहा म्हणता काय?' हा शेवटचा टोला मला नेहमी ऐकावा लागतो. मी कोणालाही कोठे राहा म्हणत नाही. ज्या कुटुंबाने चार पिढ्या दीडशे चौरस फुटांत काढल्या त्याला मालकीचे, स्वतःच्या न्हाणीघराचे, पुरेसे मोठे घर मिळालेच पाहिजे. ते त्याचे हक्काचे आहे, कोणाचा उपकार नव्हे. माझा वाद त्या कुटुंबाशी नाही. माझा वाद आहे तो, मोठी खोली हवी असेल तर गॅलरी सोडा, अशी जी खोटी सौदेबाजी त्याच्यापुढे मांडली जाते तिच्याशी. चौदा-पंधरा मजली इमारतीलाही उघडी गॅलरी आवाराकडे तोंड करून देता येते. तिला लागते ती जागा, आणि जागा म्हणजे पैसा, एवढेच खरे कारण आहे. ते कारण प्रामाणिकपणे सांगावे. 'चाळीत वास्तुकला नव्हती' असे सांगून ते झाकू नये.

तेव्हा मी पुन्हा स्पष्ट म्हणतो: ठाकूरद्वारची चाळ ही मुंबईने स्वतः घडवलेली वास्तू आहे. बोरीबंदर इंग्रजांनी आणले, आर्ट डेकोची चाल पॅरिसची. दोन्ही आपण आपल्याशा केल्या आणि चांगल्या केल्या. पण बागेच्या लांबट हद्दीतून, कोकणी पावसातून, भाड्याच्या हिशेबातून आणि सुताराच्या हातातून जी उभी राहिली, ती चाळ येथलीच. १९९५ मध्ये मुंबईत वारसा-इमारतींसाठी नियमावली झाली. खोताच्या वाडीसारख्या एखाद्या ठिकाणाला थोडेफार संरक्षण मिळाले, बाकी वाड्या मोकळ्या सोडल्या गेल्या. मेट्रोच्या गिरगाव आणि काळबादेवी स्थानकांसाठी जुन्या इमारती गेल्या, त्या जाताना त्यांच्या खांबांची मापेदेखील कोणी घेऊन ठेवली असतील तर ती निदान सामान्य वाचकाला पाहायला मिळालेली नाहीत.

गिरगावातील भाडेकरू मंडळांना आणि सोसायट्यांना माझी एवढीच विनंती आहे. बिल्डर संमतिपत्र पुढे करील तेव्हा चौरस फुटांचा आकडा जरूर विचारा, कॉर्पसची रक्कम विचारा, मुदत विचारा. आणि मग नकाशा टेबलावर उलगडून गॅलरी कोठे आहे हेही विचारा. ती दाखवता आली नाही तर सही करू नका.